पेटीतलं वय

माझ्या वहिनीला कुणाचंही मूल नुसतं मूल म्हणून बघता येत नाही. दुकानाच्या रांगेत पुढच्या बाईच्या खांद्यावरून एखादं बाळ टकमक मागे बघत असलं, की हिचे डोळे बारीक होतात आणि ती माझ्या कानाशी पुटपुटते, "नऊ. फार तर साडेनऊ." म्हणजे महिने. मग ती पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढते, बाळासमोर धरते, बाळ तो या हातातून त्या हातात घेतं का ते बघते. मग किल्ल्या हळूच काढून पर्समध्ये टाकते आणि बाळ पर्सकडे वाकून शोधतं का, तेही बघते. शोधलं तर म्हणते, "दहा." बाळाच्या आईला यातलं काही कळत नाही. तिला वाटतं, किती लाघवी बाई आहे.

हेच तिचं काम. मुलांच्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. दारावर कागदी ससा चिकटवलाय, त्याचा एक कान येणाऱ्याजाणाऱ्या पोरांनी ओढून ओढून फाडलाय. आत बुटकं टेबल, चटई, आणि भिंतीला टेकून आईबापांच्या खुर्च्या. मूल चालत नाही, बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, असे लोक तिथे येतात. वहिनी चटईवर मांडी घालून बसते आणि पेटी उघडते. आधी लाल ठोकळे, मग कप, मग घंटा, मग खुंट्यांची पाटी, शेवटी मणी आणि दोरी. क्रम मोडायचा नाही. मूल काय करतं, काय करत नाही, यावरून ती त्याचं वाढीचं वय काढते. जन्माने दोन वर्षांचं मूल चालण्यात दोनचं, हाताच्या कामात दीडचं आणि बोलण्यात वर्षाचंच असू शकतं, हे मला तिच्यामुळेच कळलं. "मागे पडलाय" असं ती कधी म्हणत नाही. "इथे तो अजून वर्षाचा आहे," असं म्हणते. आया रडतात. "घरी सगळं करतो हो, इथे बुजलाय," म्हणतात. वहिनी त्यांना पाणी देते, पाठीवर हात ठेवते, पण आकडा बदलत नाही. आणि निघताना प्रत्येकाला बजावते, "आत्ता सुरू केलं तर फार फरक पडतो. बघू, बघू करत थांबू नका."

घरातही तिच्या तावडीतून कुणी सुटलं नाही. माझे वडील औषध घ्यायला कुरकुरायला लागले की ती म्हणायची, "बाबा हट्टात अडीच वर्षांचे." माझा भाऊ टॉवेल पलंगावर टाकून गेला की, "आवराआवरीत हा अजून दीडच्या खाली." सगळे पोट धरून हसायचे. मीही हसायचे, पण ओठांनी. कारण आडपडदा न ठेवता सांगायचं तर मला तिचा हेवा वाटायचा. ती लग्न होऊन या घरात आली त्या आठवड्यापासून वाटायचा. माझी आई, जिने जन्मात माझा सल्ला घेतला नाही, ती हिला विचारल्याशिवाय पडदासुद्धा विकत घ्यायची नाही. माझं आमच्याच इमारतीत तळमजल्यावर कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. आत घ्यायचं, सैल करायचं, उंची कमी करायची, चेन बदलायची. माणूस दारातून आत आला की त्याच्या कमरेचं माप मला नजरेनेच समजतं. पण याचं घरात कुणी कधी कौतुक केलेलं मला तरी आठवत नाही.

मग आम्हा दोघींना मुलं झाली. आधी तिला मुलगा, मग तीनेक महिन्यांनी मला मुलगी. तिचा मुलगा गोरागोमटा, शांत, जिथे ठेवाल तिथे बसणारा. बाबा त्याला 'राजे' म्हणायला लागले. माझी पोरगी पाळण्यातसुद्धा एका जागी राहायची नाही, म्हणून तिची भिंगरी झाली. पहिलं वर्ष राजांचंच होतं. आई सगळ्यांना सांगायची, "सुनेचं मूल बघा, कसं शहाण्यासारखं आहे. नाहीतर आमची ही." 'आमची ही' म्हणजे भिंगरी, आणि भिंगरीच्या निमित्ताने मी.

पण भिंगरीने वर्षाची होता होता बोट उचललं. दिवा दिसला, बोट. कावळा दिसला, बोट. गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण, बोट. आणि तोंडाने "ते! ते!" समोरचा माणूस बघेपर्यंत सोडायची नाही. माझी हनुवटी धरून माझं तोंड त्या बाजूला फिरवायची. मग ते बघून झालं की माझ्याकडे बघून हसायची, जणू कावळा तिनेच मला आणून दिलाय. पाठोपाठ शब्द फुटायला लागले, आणि माझी कॉलर एकदम ताठ झाली. त्या वर्षात मी पहिल्यांदा वरच्या मजल्यावर वहिनीच्या घरी मुद्दाम, काही काम नसताना गेले.

"ही आता पाणी म्हणते," मी सांगितलं.

"काय म्हणते नेमकं?"

"पापा."

"पापा म्हणजे पाणी कसं? आजोबांनाही ती पापाच म्हणते. एका आवाजाला दोन अर्थ असले तर शब्द धरत नाहीत."

"कुत्र्याला भू म्हणते."

"काल मांजरालाही म्हणाली. नाही धरता येणार."

मी चिडून उठले. तेवढ्यात राजे छताकडे बघून "अ" असं काहीतरी म्हणाले. वहिनीने टाळी वाजवली. "ऐकलंस? पंखा म्हणाला!"

तो 'अ' तिने धरला. माझ्या पोरीचं पाणी नाही धरलं. परक्या मुलांचा आकडा आईच्या रडण्यानेसुद्धा न हलवणारी ही बाई, आणि घरात असा सरळसरळ पक्षपात! त्या दिवशी जिना उतरताना मला राग आलाच, पण राग कमी आणि आनंद जास्त होता. वहिनीच्या पोटात दुखतंय हे माझ्या लक्षात आलं होतं. माझ्या पोरीवरून दुखतंय. इतक्या वर्षांत तिला हेवा वाटावा असं माझ्याकडे काही नव्हतं, आणि आता होतं. मी भिंगरीचा मुका घेतला आणि तिला म्हटलं, "बोल बाई, अजून बोल."

पण हे सुख फार टिकलं नाही. बाबांच्या वाढदिवसाला सगळे जमलो होतो. जेवणं झाल्यावर वहिनीने चटई अंथरली, राजांना बसवलं आणि त्यांच्यासमोर लाल ठोकळे ओतले. राजांनी एकावर एक, एकावर एक असा मनोरा चढवला. एकदाही हात थरथरला नाही. मग खुंट्या भोकांत बसवल्या. मग मणी ओवले. आई तर तोंडावर हात ठेवून बसली. "इंजिनिअर होणार!" बाबा म्हणाले. वहिनीने फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. भिंगरीने मधे घुसून मनोऱ्याला लाथ मारली, तेव्हा आईने तिला दंडाला धरून बाजूला केलं. राजे रडले नाहीत, चिडले नाहीत, वर बघितलंही नाही. पुन्हा पहिल्यापासून ठोकळे रचायला लागले. "बघ, सोशिकसुद्धा आहे," आई मला म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यानंतर एकदा मी धुतलेले पडदे द्यायला वर गेले, तर दार उघडंच होतं. वहिनी कामाचे कपडेही न बदलता जमिनीवर बसली होती. समोर राजे, मधे कडा झिजलेली एक जुनी पेटी. "पुन्हा. आता कप. शाब्बास. आता घंटा. पुन्हा." तिचा आवाज बसलेला होता. मला बघून तिने पेटी पलंगाखाली सरकवली. मी मनात म्हटलं, अस्सं! माझ्या पोरीवर कुरघोडी करायला एवढी तयारी चाललीय. म्हणजे ही चढाओढ एकटी मीच करत नव्हते.

मग मी तरी कशाला मागे राहते? दुसऱ्याच दिवशी खेळण्यांच्या दुकानातून ठोकळे आणले आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना भिंगरीला शिलाई मशीनच्या बाजूला बसवलं. एक ठेवून दाखवला, त्यावर दुसरा ठेवून दाखवला. "आता तू." भिंगरीने ठोकळा घेतला, तो कोपऱ्यातल्या चिंध्यांच्या बाहुलीच्या तोंडाला लावला आणि म्हणाली, "खा."

"खा नाही गं बाई, वर ठेव."

तिने ठोकळा मागे घेतला, मान हलवली, "गलम," म्हणाली, त्यावर गाल फुगवून फुंकर मारली, मग बाहुलीला पुन्हा भरवला. आणि मी हसतेय का ते बघायला माझ्याकडे वळली. मी हसत नव्हते. मी कपाळाला हात लावून बसले होते, कारण नेमकी तेव्हाच वहिनी दारात उभी होती. एका हातात भावाची उंची कमी करायची पँट, कडेवर राजे. तिने सगळं बघितलं होतं. आता ही म्हणणार, अजून एकावर एकसुद्धा जमत नाही का, असं वाटून मी आधीच तोंड वाकडं केलं.

"हे तिला कुणी शिकवलं?" वहिनीने विचारलं.

"काय शिकवलं? काही शिकत नाही, तोच तर वैताग आहे."

"फुंकर मारायला."

"कुणी कशाला शिकवेल?"

वहिनीने राजांना खाली ठेवलं. ते सरळ मशीनपाशी गेले आणि चाक हाताने फिरवून, डोळा चाकाला लावून बघत बसले. भिंगरीने बाहुली त्यांच्या पायाशी नेऊन ठेवली, "खा" म्हणत एक ठोकळा त्यांच्यापुढे धरला. ते चाक बघत राहिले. वहिनीने त्यांना हाक मारली. मग पुन्हा मारली, जरा मोठ्याने. मशीनवर झोपलेलं मांजर उठून गेलं, राजे वळले नाहीत. मी चहा टाकला होता, तो नको म्हणाली. जाताना तिने माझ्या पोरीकडे अशा नजरेने बघितलं, की मी नकळत भिंगरीला उचलून कडेवर घेतलं.

राजे दोन वर्षांचे झाले आणि त्यांच्या तपासणीचा दिवस आला. वहिनीच्या खात्यात पद्धत अशी, की तिथे काम करणाऱ्यांच्या मुलांचं वाढीचं वय, ती दोन वर्षांची झाली की, मोठ्या बाई काढतात. आईने स्वतःच्या मुलाचं काढायचं नाही. मोठ्या बाई म्हणजे त्या खात्याच्या प्रमुख, वहिनीला हे काम शिकवलं ते त्यांनीच. माझा भाऊ कामासाठी बाहेरगावी होता. वहिनी खाली आली आणि म्हणाली, "तू येशील सोबत? त्याला मांडीवर घेऊन बसायला कुणीतरी हवंय. मला नाही बसता येणार." मी लगेच हो म्हटलं. मदतीची हौस नव्हती मला. राजे किती वर्षांचे निघतात, ते मला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. भिंगरीला आईकडे सोडून मी निघाले.

खोलीत वहिनी आईबापांच्या खुर्चीत बसली. मी चटईवर, मांडीत राजे. मोठ्या बाईंनी ठोकळे काढले आणि "हे बघ काय आहे—" म्हणेपर्यंत मनोरा निम्मा झाला होता. पुरा झाला तसे राजांनी तो स्वतःच उतरवला आणि बाईंच्या हाताखालून पेटीत हात घालून कप काढला. ठोकळा कपात टाकला. मग घंटा काढली, वाजवली, ठेवली. मग खुंट्यांची पाटी. बाईंचा हात मागे आणि राजे पुढे. कुणी काही मागायची गरजच नव्हती. शेवटी मणी ओवून दोरी टेबलावर ठेवली आणि पुन्हा ठोकळ्यांपासून सुरुवात केली. एवढ्या वेळात त्यांनी बाईंच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही.

"अरे वा, हा तर मलाच शिकवायला लागला," मोठ्या बाई हसल्या.

माझा नुसता जळफळाट चालला होता. भिंगरी इथे असती तर पेटी पालथी करून डोक्यावर घातली असती तिने. आता घरी जायचं, आईला हे सगळं ऐकवायचं, आणि मग वर्षभर ऐकून घ्यायचं. वहिनीचा फुललेला चेहरा बघून घ्यावा म्हणून मी मान वळवली. ती फरशीकडे बघत होती. हात मांडीवर एकमेकांत इतके घट्ट अडकवलेले, की बोटं पांढरी पडली होती.

"हाताच्या कामात दोनच्या बराच पुढे आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "अगदी हात राखून सांगतेय. तुझाच मुलगा आहे, मला शंका नव्हती. बोलत नाही म्हणालीस, पण एवढी समज आहे तर बोलेल. काही मुलगे उशिराच बोलतात. सहा महिन्यांनी पुन्हा बघू." आणि त्यांनी पेटीचं झाकण खाली घेतलं.

आता वहिनीने फक्त हसायचं बाकी होतं. थँक्यू म्हणायचं आणि निघायचं. घरी आई वाटच बघत होती.

"बाई, बंद करू नका," वहिनी म्हणाली.

मोठ्या बाईंचा हात थांबला.

"ही पेटी त्याला पाठ आहे. मोडीत काढलेली जुनी पेटी मी घरी नेली होती. तेव्हापासून रोज घोटून घेतलंय त्याच्याकडून, याच क्रमाने."

"तू?" बाईंनी झाकणावरचा हात काढला. "अगं, पण तू का? बाकीच्या आया तरी न समजून करतात."

वहिनीने माझ्याकडे बोट केलं. "हिच्या पोरीमुळे. ती वर्षाची असताना बोट दाखवायला लागली. हा तिच्याहून मोठा, आणि हा दाखवत नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं. तिने नवीन काही केलं की मी घरी जाऊन याला ठोकळ्यांना बसवायची. निदान एका गोष्टीत तरी हा तिच्या पुढे असायला हवा होता मला."

मी राजांचे केस सारखे करत बसले. तिच्या पोटात दुखतंय म्हणून मी जिना उतरताना खूश झाले होते, आणि दुखत होतं ते हे.

मोठ्या बाईंनी पेटी खाली ठेवली, तिच्यातलं काहीच पुन्हा घेतलं नाही. खणातून साबणाच्या फुग्यांची बाटली काढली. फुगे सोडले, झाकण लावलं आणि बाटली हातात धरून गप्प बसल्या. भिंगरीने एव्हाना बाटली ओढली असती, त्यांच्या तोंडात बोट घातलं असतं, "अजू, अजू" म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं. राजांनी शेवटचा फुगा फुटेपर्यंत बघितला आणि मग बाईंच्या खुर्चीचं चाक फिरवायला लागले. बाईंनी मागून हाक मारली. खिडकीत पारवा होता, तिकडे बोट दाखवून "ते बघ!" म्हणाल्या. राजांनी बोटाकडे बघितलं नाही आणि पारव्याकडेही नाही.

"आता तू सांग," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मी नाही सांगायचं ना. नियम आहे."

"नियम मीच केलाय. सांग."

वहिनी खुर्चीत सरळ बसली. तिचा आवाज एकदम तसा झाला, परक्या आयांशी बोलताना होतो तसा, मऊ आणि स्पष्ट. "चालण्यात वयाप्रमाणे. हाताच्या कामाचं धरू नका, ते माझं आहे, त्याचं नाही. खेळण्यात वर्षाचा. बोलण्यात..." ती थांबली. मी तेव्हा मनातल्या मनात तिला म्हणत होते, तो 'अ' धर गं. पंख्याचा तो 'अ' तेवढा धर.

"बोलण्यात दहा महिन्यांचा," वहिनी म्हणाली. "आणि सहा महिने थांबायचं नाही, बाई. उद्यापासून सुरू करायचं."

मोठ्या बाई पाण्याचा पेला घेऊन तिच्याजवळ गेल्या, पण तिने पाणी घेतलं नाही, रडलीही नाही. आठवड्यातून कोणत्या दिवशी यायचं, कुणाकडे यायचं, ते विचारून घेतलं आणि आम्ही निघालो.

बाहेर बाकावर आपापल्या मुलांना घेऊन माणसं बसली होती. त्यांतल्या एकीने वहिनीला ओळखून नमस्कार केला. वहिनीने तिच्या कडेवरच्या मुलाकडे बघितलंच नाही. जिन्यापाशी येऊन ती थांबली. राजे कठड्याच्या गजांवरून बोट फिरवत होते.

"तुझ्या पोरीचा मला राग येतो," ती म्हणाली. "एवढीशी आहे ती, मला मामी म्हणून बिलगते, आणि ती बोलायला लागली की मला वाटतं हिने गप्प बसावं."

मला राग यायला हवा होता. माझ्या लेकराबद्दल कुणी असं बोललं असतं तर मी त्याचं तोंड रंगवलं असतं. पण मी नुसती मान हलवली.

"दुपारी याला तुझ्या दुकानात सोडत जाऊ? ती जे करते ते याच्यासमोर करू दे. बाहुलीला भरवू दे, त्याची हनुवटी धरू दे, ओढू दे, काहीही. शिकवायचं काही नाही, नुसतं तिच्या नादाला लागू दे याला."

"सोड ना," मी म्हटलं. "अगं, विचारतेस काय? आणि तूही बसत जा की जरा."

वहिनीने राजांना उचलून कडेवर घेतलं आणि पहिली पायरी उतरली.

"मी नाही बसणार," ती म्हणाली. "मला बघवणार नाही."